दुःखी बापाचे चित्रपुस्तक

घरातले माणूस गेल्यावर मुलांना काय सांगावे, हे मोठी माणसे सहसा आपसात दबक्या आवाजात ठरवतात. इंग्रजी बालकवी मायकेल रोझेन यांना मात्र तो प्रश्न थेट मुलांनीच विचारला. मुलगा एडी याच्या लहानपणच्या खोड्या त्यांनी १९८३ च्या 'क्विक, लेट्स गेट आउट ऑफ हियर' या संग्रहातील कवितांत रंगवल्या होत्या. तो एडी १९९९ मध्ये, अवघा अठरा वर्षांचा असताना, मेनिंजायटिसच्या जंतूंमुळे होणाऱ्या आजाराने अचानक गेला, आणि कवितांतून त्याची ओळख झालेली मुले त्याच्याविषयी विचारत राहिली. त्यांना दिलेले उत्तर म्हणजे २००४ मध्ये निघालेले 'सॅड बुक'. हे चित्रपुस्तक आहे, म्हणजे यात गोष्ट सांगण्याचे काम शब्दांइतकेच चित्रेही करतात, आणि ती क्वेंटिन ब्लेक यांची आहेत.

पहिल्याच पानावर रोझेन तोंडभर हसताना दिसतात आणि खालचा मजकूर सांगतो की हा माणूस खरे तर दुःखी आहे, लोकांना आपण आवडेनासे होऊ या भीतीने तो हसण्याचे सोंग करतो आहे. चित्र आणि शब्द असे एकमेकांविरुद्ध उभे करून ब्लेक आणि रोझेन बालवाचकाला केवढ्या विश्वासात घेतात! पुढे एका पानावर एडीची वाढत्या वयातली चित्रे ओळीने येतात आणि शेवटची चौकट रिकामी राहते. मृत्यूची एवढी प्रामाणिक व्याख्या बालसाहित्यात क्वचितच सापडेल. दुःखाच्या भरात बाप ओरडतो, टेबलावर चमचा आपटतो, मांजराशी वाईट वागतो आणि तेही कबूल करतो. ज्या आईपाशी मन मोकळे करावे, तीही आता हयात नाही. तरी रोज अभिमान वाटेल असे एखादे काम करायचे आणि एखादी गोष्ट केवळ आनंदासाठी करायची, एवढा उपाय त्याला सापडतो. दुःख संपेल असे आश्वासन पुस्तक देत नाही, आणि हेच त्याचे मोठेपण आहे.

बालसाहित्यात मरण पूर्वीही होतेच. अँडरसनच्या काडेपेट्या विकणाऱ्या मुलीपासून 'लिटल विमेन'मधील बेथपर्यंत त्याची परंपरा दाखवता येते; पण तिथे जाणारे जीव बहुधा इतके निर्मळ असतात की मागे राहिलेल्यांच्या रागाला वावच उरत नाही.

तो राग पॅट्रिक नेस यांच्या 'अ मॉन्स्टर कॉल्स'मध्ये (२०११) उघड होतो. ही कल्पना शिवॉन डाउड यांची होती. त्या २००७ मध्ये कर्करोगाने गेल्या, त्यामुळे पुस्तक नेस यांनी लिहिले. आजारी आई जाणार हे ठाऊक असण्याची वेदना सोसवत नाही, हे सारे एकदाचे संपावे असे मनाच्या तळाशी वाटते, या कबुलीपर्यंत त्यातील मुलगा कॉनर पोहोचतो, आणि घराचे सावरणे तिथून सुरू होते.

मराठीत याच रांगेत 'श्यामची आई' ठेवायला हवी. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक पिढ्यानुपिढ्या संस्कारांचे म्हणून मुलांच्या हाती दिले गेले. प्रत्यक्षात त्याच्या बेचाळीस रात्रींपैकी अखेरच्या रात्री म्हणजे एका कर्जबाजारी घराचे सुतक आहे. आईचे शेवटचे आजारपण, श्यामचे उशिरा पोहोचणे आणि नंतरचे तिचे स्मृतिश्राद्ध हे सारे मोठा झालेला श्याम आश्रमातील सोबत्यांपुढे मन न आवरता सांगतो. शाळेच्या वाचनात मात्र मुलांपुढे बहुधा आधीचे प्रसंगच येतात.