पावती आणा, पैसे न्या!

‘इंटर्नशिप’ला मराठीत काय म्हणावे, असे मुले मला विचारतात, तेव्हा मी ‘उमेदवारी’ म्हणून सांगतो. मुले हसतात, त्यांच्या डोळ्यांपुढे महापालिकेची निवडणूक उभी राहते! पण जुन्या कचेऱ्यांतून बिनपगारी काम शिकत बसणाऱ्या पोरालाही उमेदवारच म्हणत. शब्द फारसी ‘उमेद’वरून आलेला. ज्याच्या पदरी पगार नाही, पण आशा आहे, तो उमेदवार! मात्र नुसत्या आशेवर फार तर गावातल्या कचेरीपर्यंत चालत जाता येते. तिच्या बळावर विमानाचे तिकीट कुणी देत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या उमेदवारीला पदवीच्या अभ्यासक्रमात श्रेयांक दिले. आमच्या ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडील बहुतेक मुले ती जवळपासच उरकतात; कुणी पतपेढीत, कुणी औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात, कुणी मुंबईच्या एखाद्या कार्यालयात. पण अधूनमधून एखाद्या हुशार मुलाला वा मुलीला परदेशातील प्रयोगशाळेचे पत्र येते. “उन्हाळ्यात दहा आठवडे आमच्याकडे काम करावयास या.” जर्मनीच्या ‘डाड’ संस्थेने तर भारतातल्या निवडक संस्थांतील विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या पदवी विद्यार्थ्यांकरिता अशी एक योजनाच काढली होती. पत्र आले की घरात पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवशी हिशेबाची वही उघडते.

त्या वहीत पहिल्या पानावर काय असते पाहा. पारपत्र, व्हिसाची फी, विमा, तिकीट, तिथल्या खोलीची अनामत, पहिल्या महिन्याचे जेवणखाण. शिवाय व्हिसासाठी बँकेत पुरेशी शिल्लक दाखवावी लागते. यातला बहुतेक पैसा घरातून पाय काढण्यापूर्वीच लागतो. आता मदत देणारी संस्था भेटली, असे समजा. ती म्हणते, “जरूर देऊ! जाऊन या, कामाचा दाखला आणा, बोर्डिंग पास आणि पावत्या जोडा. मंजुरी झाली की पैसे खात्यावर जमा होतील.”

अर्जाचे इंग्रजी सुधारून घ्यायला मुले इंग्रजीच्या प्राध्यापकांकडे जातात. पैशांचे गाऱ्हाणे मात्र मराठीतच सांगावे लागते. म्हणून पालक माझ्याकडे येतात. काही वर्षांपूर्वी डोंबिवलीचे एक गृहस्थ आले. कारखान्यात पाळीची नोकरी. मुलगी रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला. मदतीचे पत्र त्यांनी माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, “सर, तुम्ही शिकलेले आहात, म्हणून विचारतो. पैसे देणारच आहेत, तर आधी का देत नाहीत?”

मी नियमाचे कलम वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पतपेढीतून कर्ज काढले. मुलगी गेली, उत्तम काम करून आली. पैसेही मिळाले, पण पुढच्या वर्षी. मधल्या महिन्यांच्या व्याजाची पावती त्यांनी जपून ठेवली होती. ती मात्र अर्जाच्या कोणत्याच रकान्यात बसली नाही.

त्यांचा प्रश्न मला आजही मोलाचा वाटतो. परत आल्यावर मिळणारे अनुदान कुणाच्या उपयोगाचे? ज्याच्या घरी आधीच पैसे आहेत, त्याच्या! म्हणजे जो अनुदानावाचूनही गेला असता, त्याचा खर्च आपण भागवतो. आणि ज्याच्याकरिता निधी काढला, तो अर्जच करीत नाही. अर्ज कमी आले की लगेच निष्कर्ष निघतो, “आपल्या मुलांना बाहेर जायची हौसच नाही.”

हौस नाही? मग कल्याणची ती मुलगी आठवा! आनंदीबाई जोशी यांचे माहेर कल्याणचे. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून त्या अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांचे वय अठरा वर्षांचे होते. आजच्या हिशेबाने ही मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या बाकावर बसली असती. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला. पगार तो किती असणार? अंगावरचे दागिने विकावे लागले. त्याआधी सेरामपूरच्या कॉलेजात त्यांनी आपण का जात आहोत, याविषयी भाषण केले. ते गाजले, मदत येऊ लागली, खुद्द व्हाइसरॉयने २०० रुपये दिले. तिकडे न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी लेकीसारखे घरात घेतले. ११ मार्च १८८६ रोजी त्या फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. पण थंडी, न मानवणारे अन्न आणि क्षय यांनी पोखरलेल्या देहाने परतल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या धैर्याचे आपण पोवाडे गातो, ते योग्यच आहे. पण पैशांची तजवीज दागिन्यांवर, सहानुभूतीवर आणि परक्या बाईच्या मायेवर सोडावी लागली, याची लाज कुणाला वाटली का?

एका माणसाला निराळा मार्ग सुचला. १८९२ साली जमशेटजी टाटांनी परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी काढला. पहिल्या मानकरी होत्या फ्रेनी कामा आणि आपल्या कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर, दोघीही डॉक्टर. आनंदीबाईंच्या प्रवासानंतर अवघ्या नऊ वर्षांनी! टाटांची योजना कर्जाऊ शिष्यवृत्तीची: पैसे आधी घ्या, शिका, कमवा, मग सावकाश फेडा, फेडलेल्या पैशांतून पुढचा विद्यार्थी जाईल. व्यापारी माणूस! गरज कोणत्या दिवशी असते, हे त्याला ठाऊक होते.

दुसरे उदाहरण बाबासाहेबांचे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीरावांनी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, असे ठरवून दिले आणि भीमराव कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. रक्कम मोठी नव्हती, पण महिन्याच्या महिन्याला येत होती. पुढे लंडनमध्ये अभ्यास चालू असताना मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना अर्ध्यावर परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजात नोकरी, पैपैची काटकसर, शाहू महाराजांचे साह्य, मित्राकडून उसनवार. तेव्हा कुठे १९२० साली पुन्हा लंडन गाठता आले. बुद्धी तीच, जिद्द तीच. पैसे वेळेवर आले तेव्हा काम पुढे गेले आणि थांबले तेव्हा तीन वर्षे अडले.

युरोपने १९८७ साली ‘एरास्मस’ योजना सुरू केली. तिच्यातून विद्यार्थी दुसऱ्या देशात शिकावयास जातात, आता उमेदवारीलाही जातात. तिथे अनुदानाचा मोठा हिस्सा प्रवासाच्या सुरुवातीलाच हाती पडतो; परिस्थितीने गांजलेल्यांना वर जादा रक्कमही मिळते. तिथेही हिशेब तपासतातच. पण विद्यार्थ्याला आधी जाऊ देतात.

आपले हिशेबनीस म्हणतील, “पैसे घेतले आणि मुलगा गेलाच नाही, तर?” शंका रास्त आहे. सार्वजनिक पैसा आहे, जपूनच दिला पाहिजे. पण त्यावर तोडगे फार अवघड नाहीत. तिकीट कार्यालयानेच काढावे. उरलेली रक्कम दोन हप्त्यांत द्यावी. पहिला हप्ता व्हिसा मिळताच आणि दुसरा काम सुरू झाल्याचे पत्र आल्यावर. पालकांकडून हमीपत्र घ्यावे. एवढेही जमत नसेल, तर महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी टाटांच्या धर्तीवर लहानसा फिरता निधी उभारावा. अनुदान येईपर्यंत बिनव्याजी उसने द्यावे, अनुदान आले की परत घ्यावे. एकदा जमलेली पुंजी दर उन्हाळ्यात नव्या मुलाला उपयोगी पडेल.

हे काही परके खूळ नव्हे. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. त्याच्या पहिल्या दशकातच मंगळदास नथुभाईंनी हिंदू पदवीधरांना युरोपचा प्रवास करता यावा, म्हणून त्याच्याकडे २० हजार रुपये सोपवले होते. समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त द्यायचे ते दिवस!

आज आमच्या भागात परदेशी स्थिरावलेला मुलगा किंवा मुलगी नाही, असे घर शोधावे लागते. दिवाळीला ही मंडळी गावी येतात, जुन्या महाविद्यालयात डोकावतात, “सर, काही मदत लागली तर सांगा,” म्हणतात. तर सांगतो! सभागृहाला नाव, भिंतीवर संगमरवरी पाटी, हे पुढे पाहू. आधी उन्हाळ्यात निघणाऱ्या एका मुलीचे तिकीट काढा. आणि ते मार्चमध्ये काढा, ऑक्टोबरात नको.