नवा राउटर, जुना पत्ता

गेल्या वर्षी आमच्या घरचा राउटर बंद पडला. इंटरनेट पुरवणाऱ्यांचा माणूस आला आणि नवा राउटर बसवून गेला. अब्बांचा आणि अम्मीचा मोबाइल लगेच चालू झाला. वरच्या मजल्यावरचा संगणक तेवढा गप्प. त्याला बिनतारी जोडणीची सोय नाही. राउटरपासून जिन्याच्या कडेने नेलेली तार त्याला जोडलेली आहे.

आपाच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. तिची सारी प्रमाणपत्रे त्याच संगणकात होती. त्या माणसाला फोन केला, तर तो म्हणाला, "तार जुनी झाली. नवी टाकावी लागेल. उद्या येतो." आपाचा चेहरा उतरला. मी एकेक गोष्ट तपासायचे ठरवले.

मोबाइल चालत होते. म्हणजे बाहेरून येणारी लाइन आणि राउटर ठीक होते. दोष तारेत असणार, नाही तर संगणकात.

राउटरच्या मागे तारा खोचण्याच्या खाचा असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. अनेक राउटरवर एक पोर्ट वेगळ्या रंगाचा असतो. तो बाहेरच्या लाइनसाठी. बाकीचे घरातल्या संगणकांसाठी. आमची तार योग्य पोर्टमध्ये होती, पण तिथला दिवा विझलेला होता. मी तार काढून पुन्हा खोचली. 'टक्' असा आवाज आला आणि हिरवा दिवा लुकलुकू लागला. घाईत ती अर्धवटच बसवली गेली होती!

दिवा लागला, म्हणजे तारेच्या दोन्ही टोकांना एकमेकांची चाहूल लागली. अशा तारेत आठ बारीक तारा जोडीजोडीने पिळलेल्या असतात. सेकंदाला 100 मेगाबिट वेगासाठी त्यांतल्या चार पुरतात, 1000 मेगाबिटसाठी आठही लागतात. म्हणून एखादी तुटली तरी कधीकधी काम चालू राहते, फक्त मंदावते. ही केबल 100 मीटरपर्यंत चालते. आमची पंधरा मीटरही नव्हती. नवी टाकण्याचे काही कारण दिसेना.

तरीही एकही पान उघडेना. आपा पुन्हा पुन्हा घड्याळाकडे पाहत होती.

आता पत्त्याची गोष्ट ऐका. (उर्दूतला 'पता' तो हाच.) घरातल्या जाळ्यात प्रत्येक उपकरणाला एक आकडी पत्ता असतो. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. 192.168.1.50 हा पत्ता घ्या. आमच्या जाळ्यात पहिले तीन आकडे म्हणजे मोहल्ला आणि शेवटचा आकडा म्हणजे घराचा क्रमांक. बहुतेक वेळा राउटर स्वतःच हे पत्ते वाटतो. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. मोबाइलनी नव्या राउटरकडून नवे पत्ते मागून घेतले, म्हणून ते चालले.

मी संगणकाच्या काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' हा शब्द इंग्रजीत टाइप केला. पत्ता दिसला 192.168.1.50. नव्या राउटरचा पत्ता मात्र 192.168.0.1 होता. मोहल्लाच बदलला होता! काही वर्षांपूर्वी प्रिंटर जोडताना मीच हा पत्ता हाताने लिहून पक्का केला होता आणि पार विसरलो होतो. संगणक निघून गेलेल्या राउटरच्या दारावर थापा मारत बसला होता. (इथे 169.254 ने सुरू होणारा पत्ता दिसला असता, तर अर्थ वेगळा झाला असता. संगणकाने पत्ता मागितला, पण कोणी दिला नाही, असे त्यावरून कळते.)

कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन नेटवर्कच्या भागात मी 'पत्ता आपोआप घ्या' या अर्थाची खूण केली. त्याच चौकटीत खाली डीएनएसचीही तशीच खूण असते. पानांच्या नावांवरून त्यांचे आकडी पत्ते शोधून देणे हे डीएनएसचे काम. ती खूण राहिली, तर संगणक जोडलेला दिसतो आणि पाने मात्र उघडत नाहीत. मी दोन्ही खुणा केल्या. संगणकाला 192.168.0.5 हा पत्ता मिळाला आणि पान उघडले.

आपाने रात्री साडेदहा वाजता अर्ज पाठवला. त्याची प्रत छापायला गेलो, तर प्रिंटर हलेना. त्यालाही मी तेव्हा जुन्या मोहल्ल्यातलाच पत्ता दिला होता. या वेळी दोष शोधायला पाच मिनिटेही लागली नाहीत.