सुप्याचे रोखे आणि फोनमधलं कर्ज
(कर्जाचा हिशेब : भाग सहावा)

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला बाजारासाठी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर चाल केली. लुटालूट झाली, आगही लागली. पण जमावाला हवे होते ते कर्जरोखे. रोखे मुकाट्याने हवाली केले, तिथे सावकाराच्या अंगाला सहसा हात लागला नाही.

एवढा राग कागदावर का? १८५९ च्या कायद्याने कर्जरोख्याला तीन वर्षांची मुदत घातली होती. हेतू चांगला होता, व्याज साचत जाऊ नये. सावकारांनी त्यातून वाट काढली. तीन वर्षं भरत आली की थकलेलं व्याज मुद्दलात मिळवायचं आणि नवा रोखा लिहून घ्यायचा. शेतकरी न वाचता येणाऱ्या कागदाखाली निशाणी करी आणि व्याजावर व्याज चढत जाई. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने दस्त सरकारी निबंधकासमोर करणं, फेडीची पावती आणि खात्याचा हिशेब देणं सावकारावर बंधनकारक केलं. रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता मूळ व्यवहार तपासायची मुभा कोर्टालाही मिळाली.

आज आपण लिहायला-वाचायला शिकलो आहोत, तरी फोनवरच्या ‘मान्य आहे’वर बोट ठेवताना किती जण खालचा मजकूर वाचतात? एक साधा हिशेब करून पाहा. ॲप म्हणतं, दहा हजार घ्या, महिन्याला फक्त ३ टक्के. खात्यात येतात ८,५०० रुपये. दीड हजार ‘प्रोसेसिंग फी’ म्हणून आधीच कापलेले. महिन्याने भरायचे १०,३००. म्हणजे साडेआठ हजार वापरण्याचे १,८०० रुपये. हा दर महिन्याला २१ टक्क्यांच्या वर गेला, वर्षाला अडीचशेच्या पुढे! तारीख चुकली की तेच ॲप, नाहीतर त्याचंच भावंड, जुनं फेडायला नवं कर्ज पुढे करतं. सुप्याचा तीन वर्षांचा फेरा आता तीस दिवसांवर आला आहे.

म्हणूनच रिझर्व्ह बँकेचे डिजिटल कर्जाचे नियम मला मोलाचे वाटतात. कर्जाआधी एक तथ्यपत्रक मिळालं पाहिजे आणि त्यात फी धरून वार्षिक दर लिहिलेला पाहिजे. जाहिरात सोडा, तो एक आकडा बघा. रक्कम थेट तुमच्याच खात्यात आली पाहिजे. विचार बदलला तर ठरवून दिलेल्या मुदतीत (ती किमान एक दिवसाची असते) मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून, दंडाशिवाय बाहेर पडता येतं. प्रोसेसिंग फी मात्र कापली जाऊ शकते. आणि ॲपला तुमची फोनबुक, फोटो, कॉलची नोंद उघडायची परवानगी नाही. कर्ज देताना कुणी संपर्कयादी मागितली, तर ती तारणच समजा. उद्या वसुलीसाठी मेहुण्याला, साहेबाला, सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन जातील ते तिच्यावरूनच. नियमात राहणाऱ्या संस्थांच्या ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. आधी तिथे नाव शोधा.

आणि संपर्कयादी आधीच ॲपवाल्यांच्या हाती गेली असेल, फोटोत फेरफार करून धमक्या सुरू झाल्या असतील तर? पहिली गोष्ट, एक ॲप फेडायला दुसरं घेऊ नका. घरच्यांना आणि जवळच्या चार जणांना आपणच सांगून टाका. धमकी चालते ती लपवाछपवीवर. मेसेजचे स्क्रीनशॉट, आलेले नंबर, पैसे भरल्याच्या नोंदी जपून ठेवा, कारण ॲप काढून टाकलं की त्यातला पुरावाही जातो. मग १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि सायबर पोलिसांकडे तक्रार द्या. कर्ज बँकेचं किंवा नोंदणीकृत वित्तसंस्थेचं असेल, तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.