लाल शेरा मारण्याआधी : मुलांच्या गैरहजेरीबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

नोव्हेंबरातली सकाळ होती. चौथीची हजेरी घेत होते. एका नावाला उत्तर आलं नाही. मी परत हाक मारली, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बाई, ती गेली. कारखान्यावर."

दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात, तेव्हा मराठवाड्यातल्या आमच्यासारख्या शाळांत हे उत्तर रोजचंच असतं. त्या वर्षी मी कित्येक आठवडे तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करत राहिले. मग लाल शाईनं 'सतत गैरहजर' असा शेरा लिहिला आणि तिचं नाव पटावरून कमी झालं. एप्रिलात ती परत आली. उसाच्या पात्यांनी हात चिरलेले. वर्गाच्या उंबऱ्याशी थांबून तिनं विचारलं, "बाई, माझं नाव हाय का अजून?"

नव्हतं. पुढे मी कायदा नीट वाचला, तेव्हा कळलं की मी जे नियमाप्रमाणे केलं असं समजत होते, ते नियमाच्या उलट होतं. माझ्यासारखाच समज आजही अनेक शिक्षकांचा, पालकांचा आणि गावकारभाऱ्यांचा आहे. म्हणून हे एकेक करून लिहिते आहे.

गैरसमज : शिक्षण सक्तीचं आहे, म्हणजे मूल शाळेत गेलं नाही तर आईबापाला दंड होतो.

वस्तुस्थिती : असे दंड एके काळी खरोखरच होते. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं, तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. दरम्यान गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये असंच विधेयक इंग्रज सरकारपुढे मांडलं, पण ते फेटाळलं गेलं.

आजचा कायदा वेगळा आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे, असं त्याचं कलम १० सांगतं. पण पालकासाठी त्यात दंड नाही, शिक्षा नाही. 'सक्तीचं शिक्षण' म्हणजे काय, हे कलम ८ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे : प्रत्येक मुलाचा प्रवेश, त्याची हजेरी आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होणं, या तिन्हींची खात्री करणं शासनावर बंधनकारक आहे. सक्ती आहे ती शासनावर. म्हणूनच "पोरगी पाठवा, नाहीतर पोलिसांत देईन" असं पालकाला सांगणारा शिक्षक चुकीचं बोलतो. त्या धमकीनं घाबरलेली आई पुढच्या वेळी दारच उघडत नाही, हे मी पाहिलं आहे.

गैरसमज : गैरहजेरी हा शाळेचा प्रश्न आहे. जिल्हा परिषदेचा किंवा महापालिकेचा त्याच्याशी काय संबंध?

वस्तुस्थिती : कायद्याच्या कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे जिल्हा परिषद, महानगरपालिका, नगरपरिषद यांची कामं दिली आहेत. आपल्या हद्दीत राहणाऱ्या १४ वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांची नोंद ठेवणं, त्यांच्या प्रवेशावर आणि हजेरीवर देखरेख करणं आणि स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळतो याची खात्री करणं, ही त्यातली तीन. मूल कुठल्या जिल्ह्याचं, याला इथे महत्त्व नाही. बीडची टोळी ज्या गावच्या फडात उतरते, त्या गावच्या हद्दीत असेपर्यंत त्या मुलांची जबाबदारी तिथल्या जिल्हा परिषदेची असते.

गावात ही साखळी मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी अशी वर जाते. शाळा व्यवस्थापन समितीला तर यात मोठाच वाटा आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. परिसरातली सगळी मुलं शाळेत येत राहतील हे पाहणं तिच्या कामांतच मोडतं. समितीच्या बैठकीत रंगरंगोटीवर तासभर बोलणं होतं आणि गैरहजर मुलांची यादी वाचलीच जात नाही, तेव्हा समितीचं मुख्य काम राहून गेलेलं असतं.

गैरसमज : नाव पटावर आहे, म्हणजे मूल शाळेत आहे.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रात सलग महिनाभरापेक्षा जास्त काळ गैरहजर राहणारं मूल शाळाबाह्य धरलं जातं, मग त्याचं नाव पटावर असो वा नसो. देशाच्या ग्रामीण भागाचं चित्र दाखवणारा 'असर' अहवाल पाहा. २०२४ मध्ये ६ ते १४ वयाची ९८ टक्क्यांहून जास्त मुलं शाळेत दाखल होती. पण पाहणीच्या दिवशी सरकारी प्राथमिक शाळांत प्रत्यक्ष हजर असलेली मुलं साधारण ७६ टक्के होती. पट आणि हजेरी यांच्यातल्या या अंतरात हरवलेलं मूल कुठल्याच यादीत सापडत नाही.

महाराष्ट्रात ४ जुलै २०१५ रोजी शाळाबाह्य मुलांचं एका दिवसाचं राज्यव्यापी सर्वेक्षण झालं. मतदानासारखी बोटाला शाईही लावली होती. २०२२ मध्ये 'मिशन झिरो ड्रॉपआउट' राबवलं, तेही जुलैतच. ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या शिक्षकाला विचारा, जुलैत काय दिसतं? आईबाप गावात, शेतात पेरणी झालेली, वर्ग भरलेले. नोव्हेंबरात तोच वर्ग अर्धा रिकामा असतो. हंगामी स्थलांतराची मोजणी करायची असेल, तर ती हंगामातच व्हायला हवी.

गैरसमज : बरेच दिवस आलं नाही, तर नाव कमी करायचं. शाळा मोकळी झाली.

वस्तुस्थिती : माझी चूक हीच होती. प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ मध्ये कलम १६ बदललं, तरी ही तरतूद कायम राहिली. मूल दुसऱ्या शाळेत गेलं आहे याची खात्री झाल्याशिवाय त्याचं नाव पटावरून जाता कामा नये. पालकांना भेटून मुलाच्या हजेरीबद्दल बोलणं हे कलम २४ नुसार शिक्षकाचं कर्तव्य आहे. चांगल्या शाळांत हे तिसऱ्या-चौथ्या दिवशीच होतं. शिक्षक घरी जातात. घराला कुलूप असेल तर शेजारी विचारतात. कुटुंब कुठे गेलं, कोणत्या मुकादमाबरोबर गेलं, हे लिहून घेतात आणि केंद्रप्रमुखांना कळवतात. राज्यात 'बालरक्षक' म्हणून काम करणारे शिक्षक तर आपल्या शाळेबाहेरच्या मुलांचाही असाच माग काढतात.

गैरसमज : या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही.

वस्तुस्थिती : ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, दोघांच्या नावावर असते, त्यामुळे आईला मागे राहता येत नाही. एका आईनं मला विचारलं होतं, "बाई, पोरीला कुणाच्या जिवावर ठेवू?" तिच्याजवळ त्याचं उत्तर नव्हतं, आणि माझ्याजवळही नव्हतं. फडात गेलेली पोरगी कोपीत धाकट्या भावाला सांभाळते, पाणी भरते, मोळ्या बांधायला हात लावते. शाळेचं वर्ष पाचवीपर्यंत किमान २०० दिवसांचं आणि सहावी ते आठवी २२० दिवसांचं. त्यातलं निम्मं वर्ष तिकडेच जातं.

बाकीची कारणंही घरोघरी तीच आहेत. शाळेत धड स्वच्छतागृह नाही म्हणून महिन्याचे चार दिवस घरी राहणारी सातवीतली मुलगी. सकाळची एसटी बंद झाली म्हणून थांबलेला मुलगा. गणितात मागे पडल्यावर मार मिळेल म्हणून पोटदुखी सांगणारं पोर. शारीरिक शिक्षेला कलम १७ नुसार बंदी आहे, तरी ही भीती अजून गेलेली नाही. प्रत्येक कारणावर उपाय वेगळा आहे, आणि कारण विचारल्याशिवाय तो सापडत नाही.

आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालवण्याची योजना आहे. मुलं आजीजवळ किंवा नातेवाइकांकडे राहतात आणि त्यांच्या जेवणाची सोय शाळेकडून होते. जिथे हे वसतिगृह दिवाळीआधीच सुरू होतं, तिथे मुलं थांबतात. टोळ्या गेल्यावर महिनाभरानं सुरू झालं, तर तोवर मुलं फडात पोचलेली असतात.

गैरसमज : दाखला नसेल, तर दुसरी शाळा घेत नाही.

वस्तुस्थिती : शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, लांबवताही येत नाही. जन्माचा पुरावा नाही, वर्ष निम्मं संपलं, या कारणांनीही नाकारता येत नाही. मूल मागे पडलं असेल, तर वयाला साजेशा वर्गात बसवून त्याला विशेष प्रशिक्षण द्यायचं, असं कलम ४ सांगतं. स्थलांतराआधी मूळ शाळेनं 'शिक्षण हमी पत्र' द्यायचं असतं. मूल कितवीत आहे, काय शिकलं आहे, हे त्यात असतं, आणि त्याच्या आधारावर कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता येतं. तरीही कुणी अडवलं, तर कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा, आणि तो पटला नाही तर बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे.

गैरसमज : आठवीपर्यंत नापास करत नाहीत, मग हजेरीला काय अर्थ?

वस्तुस्थिती : महाराष्ट्रानं २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. त्यात अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला पुनर्परीक्षा मिळते, आणि तिथेही जमलं नाही तर त्याला त्याच वर्गात बसावं लागतं. दहावी-बारावीच्या मंडळाच्या परीक्षेसाठी ७५ टक्के हजेरी लागते. आजारपणासारख्या खऱ्या कारणासाठी सूट मागता येते. पण त्याआधीच घडणारं नुकसान मोठं आहे. अपूर्णांक शिकवले त्या पंधरवड्यात मूल नव्हतं, तर पुढची दोन वर्षं ते गणिताच्या तासाला खाली मान घालून बसतं, आणि मग एक दिवस यायचंच थांबतं.

ती मुलगी पुढे परत पटावर आली. तिचं नाव मी निळ्या शाईनं, माझ्या हातानं लिहिलं. पुढच्या ऑक्टोबरात टोळ्या निघायच्या आधी मी वर्गातल्या प्रत्येक घरी गेले. कोण जाणार, कोण राहणार, कोणत्या कारखान्याला, हे वहीत लिहून घेतलं. जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या दप्तरात त्याचं हमी पत्र घातलं आणि आईला ते दाखवून सांगितलं, "तिथल्या बाईंना हे द्या. नाही घेतलं, तर मला फोन करा." त्यासाठी कुठल्याही नव्या योजनेची गरज पडली नाही. एक वही, चार संध्याकाळी आणि आधी हाती नसलेली कायद्याची माहिती, एवढंच लागलं.