मालिका सोडण्याचा हिशेब

भाटघरच्या धरणाला ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत. वेळवंडी नदीचे पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की ते आपोआप उघडतात आणि जादा पाणी नीरेकडे वाहू लागते. धरण बांधणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. साठवण्याची सोय करतानाच सोडून देण्याचीही सोय करावी लागते. माणसाच्या घरातील साठ्याला मात्र असा दरवाजा नसतो. तेथे पाणी कितीही चढले तरी थांबण्याचा निर्णय ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो, आणि तो घेणे भल्याभल्यांना जड जाते. वर्षानुवर्षे जमविलेली चित्रकथांची एखादी मालिका सोडून देण्याचा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. परंतु माणूस आपल्या पैशाचा, वेळेचा आणि जुन्या निष्ठांचा हिशेब कसा मांडतो, हे या लहानशा प्रश्नात जितके स्वच्छ दिसते तितके मोठ्या प्रश्नांत क्वचितच दिसते.

उदाहरणादाखल भाटघरच्या धरणवसाहतीत वाढलेला एक मुलगा डोळ्यांपुढे आणावा. वडील पाटबंधारे खात्यात कारकून, घर दोन खोल्यांचे, आणि करमणुकीचे साधन म्हणजे भोरच्या एस.टी. स्थानकावर मिळणारे रंगीत अंक. पुण्याला जाणाऱ्या शेजाऱ्याच्या हाती पैसे देऊन स्वारगेटहून राहिलेला अंक मागवायचा, तो आल्यावर एका बैठकीत वाचायचा, पुन्हा वाचायचा आणि पत्र्याच्या ट्रंकेत क्रमांकवार लावून ठेवायचा. असे संग्राहक एकट्या भोर तालुक्यात नव्हे, महाराष्ट्राच्या गावोगावी निपजले. त्यांपैकी बरेचसे आज साठीच्या पुढे आहेत. ट्रंका अजून आहेत. त्यांचे काय करावे, हा प्रश्न आता त्यांच्यापुढे उभा आहे.

न संपणारी गोष्ट

‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही मालिका टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये सुरू केली. आरंभी अंकाची किंमत साठ पैसे होती. पहिल्या ३२ अंकांत ली फॉक यांचा वेताळ एकटाच होता. पुढे जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी अशी पात्रे आली आणि १९७६ च्या डिसेंबरात आबिद सुरती यांनी निर्माण केलेला बहादूर हा अस्सल भारतीय नायक दाखल झाला. इंग्रजी, हिंदी, मराठी आणि इतर भारतीय भाषांतून या कथा घराघरांत गेल्या.

या मालिकेचा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. वेताळ हा एक मनुष्य नाही, ती वंशपरंपरागत गादी आहे. बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवितो आणि जंगलातील लोक त्याला अमर समजतात. म्हणजे कथेला शेवट असूच नये, अशीच तिची रचना आहे. फॉक यांनी हे पात्र १९३६ साली वृत्तपत्रांतील चित्रपट्टीत आणले. १९९९ साली ते स्वतः निवर्तले तरी वेताळ थांबला नाही, दुसरे लेखक तो पुढे लिहू लागले. कादंबरी शेवटच्या पानावर वाचकाला निरोप देते. अशी मालिका निरोप देत नाही. तो वाचकानेच घ्यावा लागतो.

प्रकाशनाचा वेगही वाढत गेला. प्रारंभी मासिक असलेली ही मालिका पुढे पाक्षिक आणि अखेरीस साप्ताहिक झाली. वर्षाला बारा अंक घेणाऱ्याला आता बावन्न घ्यावे लागू लागले. किंमत न वाढताही खर्च चौपटीहून अधिक झाला असता. प्रत्यक्षात किंमतही वाढत होती. अल्फ्रेड मार्शल यांच्यापासून अर्थशास्त्राच्या प्रत्येक क्रमिक पुस्तकात घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम सांगितलेला असतो. पहिली भाकरी जितके समाधान देते तितके पाचवी देत नाही. या नियमानुसार बावन्नपैकी निम्मे अंक तरी वाचकाने सोडायला हवे होते. पुष्कळांनी ते सोडलेही. संग्राहकाने सोडले नाहीत, कारण तो आता गोष्ट विकत घेत नव्हता. तो रांगेतील मोकळी जागा भरून काढत होता.

नसलेल्या अंकाचा शोध

मार्शल यांनीच या नियमाबरोबर एक पुस्ती जोडली होती. चांगले संगीत जितके ऐकावे तितकी त्याची गोडी वाढते, असे त्यांनी नमूद केले होते. संग्रहाची गोष्ट काहीशी तशीच आहे. संच पूर्ण होत आला की शेवटच्या अंकाची किंमत सर्वाधिक वाटू लागते. गंमत अशी की ‘इंद्रजाल’च्या मूळ इंग्रजी मालिकेत १२३ आणि १२४ हे क्रमांक छापलेच गेले नाहीत. संपामुळे ते निघू शकले नाहीत. मालिकेचे एकूण अंक ८०३ भरतात ते यामुळेच. ज्याला हे ठाऊक नाही तो संग्राहक या दोन क्रमांकांसाठी जन्मभर जुन्या पुस्तकांची दुकाने धुंडाळू शकतो. ‘अमर चित्र कथे’ची हकीकतही याच जातीची आहे. अनंत पै यांनी १९६७ साली ही माला सुरू केली तेव्हा तिचे पहिले दहा क्रमांक पाश्चात्य परीकथांच्या कानडी रूपांतरांना दिले गेले होते. पौराणिक कथांची ओळ ‘कृष्ण’पासून, म्हणजे अकराव्या क्रमांकापासून सुरू झाली. अकरावा हाती असलेला वाचक साहजिकच पहिले दहा शोधीत राही.

क्रमांक हे प्रकाशकाच्या सोयीसाठी असतात. वाचकाने त्यांना आपले कर्तव्य मानले की खरेदीचे सूत्र त्याच्या हातून सुटते. ‘चांदोबा’तील विक्रमादित्याची आठवण येथे अटळ आहे. खांद्यावरचे प्रेत पुन:पुन्हा झाडावर जाऊन लटकते आणि राजा ते पुन:पुन्हा उतरवितो. फरक इतकाच की विक्रमाला आपण हे कशासाठी करीत आहोत ते ठाऊक होते.

बुडालेल्या पैशाची ओढ

‘इतकी वर्षे घेतले, आता मध्येच कसे सोडायचे?’ संग्राहकाच्या तोंडचे हे वाक्य अर्थशास्त्राला अपरिचित नाही. जो पैसा खर्च होऊन गेला, जो कोणत्याही निर्णयाने परत येणार नाही, तो पुढच्या निर्णयात धरू नये, असे शास्त्र सांगते. माणूस तसे वागत नाही. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या संशोधकांनी १९८५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नाट्यगृहाची हंगामी तिकिटे घेणाऱ्यांपैकी काहींना, कोणतेही कारण नसताना, सवलत देण्यात आली. पूर्ण किंमत मोजलेले प्रेक्षक हंगामाच्या पूर्वार्धात सवलत मिळालेल्यांपेक्षा अधिक प्रयोगांना हजर राहिले. नाटके तीच होती, बुडालेली रक्कम तेवढी निराळी होती. रिचर्ड थेलर यांनी १९८० साली दाखवून दिले की वस्तू एकदा आपली झाली की तिचे मोल आपल्या डोळ्यांत बाजारभावापेक्षा वाढते. थेलर यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. संग्राहकांच्या घरच्या मंडळींना मात्र हा सिद्धांत फार आधीपासून पाठ होता.

‘पुढेमागे याला मोठी किंमत येईल’ हे दुसरे समर्थन. त्याचीही पारख झालेली आहे. सुपरमॅन ज्या अंकात प्रथम अवतरला तो १९३८ चा दहा सेंटचा अंक २०१४ साली बत्तीस लाख डॉलरला विकला गेला. अशा बातम्यांनी १९९० नंतर अमेरिकेत चित्रकथा गुंतवणूक म्हणून घेतल्या जाऊ लागल्या. १९९१ साली ‘एक्स-मेन’च्या नव्या मालिकेच्या पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांवर प्रती खपल्या. लोकांनी त्या न वाचता प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून जपून ठेवल्या. परिणाम उघड होता. सर्वांनीच जपलेली वस्तू दुर्मीळ होत नाही. बाजार कोसळला आणि १९९६ च्या डिसेंबरात मार्व्हल कंपनीवर दिवाळखोरी जाहीर करण्याची वेळ आली. १९३८ चा अंक महाग झाला तो लाखो मुलांनी तो वाचून, फाडून, रद्दीत घालून संपविला म्हणून. जपणाऱ्यांची श्रीमंती न जपणाऱ्यांवर उभी असते.

वाचक की राखणदार?

तथापि हा सारा हिशेब मांडूनही संग्राहकाला मूर्ख ठरविणे अन्यायाचे होईल. १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशित पुस्तकाची प्रत मोजक्या राष्ट्रीय ग्रंथालयांत जमा व्हावी लागते. परंतु चित्रकथांकडे आपल्या शाळांनी आणि वाचनालयांनी दीर्घकाळ वाया गेलेल्या वेळाची खूण म्हणूनच पाहिले. मराठीत असे काही छापले जात होते, याचा पुरावा आज बव्हंशी या हट्टी माणसांच्या ट्रंकांतच शिल्लक आहे. भोर-वेल्ह्याच्या पावसाळी ओलाव्यात, कसर आणि वाळवीशी झुंजत, डांबराच्या गोळ्या घालून ज्यांनी हे कागद टिकविले, त्यांनी समाजाचेच एक काम विनामोबदला केले आहे.

पण त्यासाठी मोजलेली किंमत पैशांची नव्हती. ट्रंकेला कुलूप लागले तेव्हा आधी धाकट्या भावाला, मग मुलांना, आणि पुढे नातवंडांना ‘हात लावू नका’ असे सांगावे लागले. ज्या वयात त्या मुलाने स्वतः तो अंक अधाशासारखा वाचला, त्याच वयाची नातवंडे आज त्याच घरात कुलपाबाहेर उभी आहेत. स्वतः संग्राहकही तो अंक उघडीत नाही, कारण घडी मोडेल. वाचकाचा राखणदार झाला, आणि राखणदार ज्या धनाची राखण करतो त्याचा उपभोग त्याला नसतो. मालिका सोडताना मनाला जो चटका बसतो तो कागदाचा नसतो. त्या अंकांतून आपले बालपण अद्याप हाताशी आहे, हा दिलासा सोडावा लागतो. तो सोडणे खरोखरच कठीण आहे, आणि त्याची थट्टा कोणी करू नये.

‘इंद्रजाल’ने वाचकांचा प्रश्न एका अर्थी सोपा केला. १९९० साली ती मालिकाच बंद पडली. तरीही पुष्कळांचा संग्रह थांबला नाही. अप्पा बळवंत चौकातील जुनी दुकाने, पदपथ आणि आता मोबाइलवरील खरेदी-विक्री यांतून राहिलेले अंक मूळ किमतीच्या कित्येक पटींनी घेतले जात आहेत. प्रकाशक थांबला, वाचक थांबला नाही. यावरून एवढे तरी दिसते की थांबण्याची वेळ बाहेरून येत नाही.

ती ठरविण्यासाठी एक साधी कसोटी पुरेशी आहे. हा अंक आज प्रथमच समोर आला असता, संचातील मोकळी जागा भरावयाची नसती, तर तो वाचण्यासाठी घेतला असता काय? उत्तर ‘नाही’ असेल तर मालिका सोडावी. मागच्या अंकांचा त्यात काही अपमान नाही, त्यांनी द्यायचा तो आनंद कधीच देऊन टाकला आहे. मात्र सोडणे म्हणजे रद्दीवाल्याला वजनावर देणे नव्हे. जीर्ण आणि दुर्मीळ अंकांची छायाचित्रित प्रत काढून ते एखाद्या ग्रंथसंग्रहालयाकडे सोपवावेत, आणि उरलेले जवळच्या शाळेच्या कपाटात, कुलपाशिवाय ठेवावेत. ते फाटतील. फाटणे हाच वाचल्याचा पुरावा आहे.

भाटघरचे पाणी जोवर धरणात आहे तोवर ते केवळ साठा असते. डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरकडे आणि उजव्याने फलटण-माळशिरसकडे गेले म्हणजेच त्याचे पीक होते. आणि उन्हाळ्याच्या अखेरीस जलाशय उतरला की एरवी पाण्याखाली असणारे कांबरेश्वराचे देऊळ पुन्हा दिसू लागते. ट्रंक रिकामी करणाऱ्यालाही तळाशी असेच काही सापडण्याचा संभव आहे. भोरच्या स्थानकावर अंक हाती पडताच घरापर्यंत धीर न धरता एस.टी.तच तो उघडणारा मुलगा तेथे अजून असेल. त्याला क्रमांक ठाऊक नव्हते.