पोट दुखतंय म्हणणारी मुलं

सोलापूरच्या भवानी पेठेत, घोंगडे वस्तीकडे वळलं की यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो आणि घराघरांतून बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळताना दिसतात. घरात तेलुगू, कुठे कन्नड, कुठे उर्दू. इथल्या पहिली-दुसरीतल्या मुलाचं समुपदेशन या घरापासूनच सुरू होतं.

सात वर्षांचं मूल ‘मला भीती वाटते’ असं सांगत नाही. त्याचं पोट दुखतं, शाळेची वेळ झाली की रडू येतं, रात्री अंथरूण ओलं होतं. म्हणून प्राथमिक शाळेतला समुपदेशक प्रश्न कमी विचारतो. चित्र काढू देतो, बाहुल्यांशी खेळू देतो. घराच्या चित्रात बाबा नसले तर लक्षात ठेवतो, पण एका चित्रावरून निदान करत नाही. मराठी वर्गात गप्प बसणारं मूल मधल्या सुट्टीत तेलुगूत भरभरून बोलत असेल, तर त्याला मठ्ठ ठरवणं हा अन्याय आहे. आधी कान-डोळे तपासावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं 2013 पासून शाळांतून मुलांची तपासणी करतात. मग त्याच्या घरच्या भाषेत बोलणारं माणूस गाठावं.

आईला शाळेत बोलावणंही सोपं नसतं. तिची मजुरी हजार बिड्यांवर ठरते. शाळेत तास गेला की तेवढ्या बिड्या कमी. तिच्या दारी जाणं हेच बरं.

हे सगळं करायचं कोणी? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने छडी आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले, हे फार मोठं काम झालं. पण त्याच कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकांची संख्या आहे, मुख्याध्यापक आहे, सहावीपासून कला आणि आरोग्याचे अर्धवेळ निदेशकही आहेत, समुपदेशक नाही. 2022 पासून टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक आहे, पण दुसरीतली मुलगी तो फिरवणार नाही. भार येतो वर्गशिक्षिकेवरच. चार-पाच शाळांत मिळून का होईना, मुलांच्या भाषा जाणणारा एक पगारी, कायमचा माणूस हवाच. आठवड्यामागून आठवडे तोच चेहरा दिसला तरच मूल मोकळं होतं.

मोकळं झाल्यावर ते विचारतं, ‘कुणाला सांगणार नाही ना?’ तिथे खोटं वचन देऊ नये. लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी पोलिसांना कळवणं 2012 च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. ‘तुला जपायला ज्यांची मदत लागेल, फक्त त्यांनाच सांगेन,’ असं पहिल्याच भेटीत, त्याला समजेल त्या भाषेत सांगून ठेवावं.