टाका चुकला? उसवा की!

तुमच्या कॉलेजच्या कट्ट्यावर हल्ली कुणी विणताना दिसलंय का? नसेल तर नीट बघा. लोकलच्या डब्यात, हॉस्टेलच्या जिन्यात, लेक्चर ऑफ गेलं की कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर सॅकमधून दोन सुया हळूच डोकावतात. आजीच्या पेटीबरोबर माळ्यावर गेलेलं विणकाम परत खाली उतरलंय.

'हे बायकांचं काम' असं म्हणणारा एखादा मित्र ग्रुपमध्ये असतोच. त्याला टॉम डेलीचं नाव सांगा. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या स्टँडमध्ये बसून ब्रिटनचा हा डायव्हर विणत होता आणि ते सगळ्या जगाने पाहिलं. पठ्ठ्याने सुवर्णपदक मिळवलं आणि त्याला ओरखडे पडू नयेत म्हणून छोटी पिशवीसुद्धा विणली. तरी मित्र ऐकत नसेल तर त्याला पेरूमधल्या टिटिकाका सरोवरातल्या ताकिले बेटाबद्दल सांगा. तिथे टोप्या विणतात ते पुरुष, आणि मुलगे लहानपणीच सुया हातात घेतात. या बेटाची वस्त्रकला युनेस्कोच्या वारशाच्या यादीत आहे.

या पानासाठी मी गाठलं एका मैत्रिणीला. बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुण्यात हॉस्टेलवर राहते, घर निफाड तालुक्यात. नाव छापायचं नाही, कारण नाव छापलं की ऑर्डरी येतात, असं तिचं म्हणणं. त्या का नकोत, ते पुढे कळेलच.

लोकर म्हणजे लोकरच?

सध्या तिच्या सुयांवर आहे वडिलांचा स्वेटर. निफाडची थंडी तुम्ही बातम्यांत वाचली असेल. पारा फार उतरला की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. तिचे वडीलही त्यातलेच. त्यामुळे स्वेटर उबदार तर हवाच, शिवाय ठिणगी उडाली तर अंगाला चिकटणारा नको.

इथेच पहिला धडा मिळतो. दुकानात आपण ज्याला सरसकट 'लोकर' म्हणतो, त्यातले बरेचसे गुंडे अ‍ॅक्रिलिकचे असतात. अ‍ॅक्रिलिक स्वस्त, धुवायला सोपं, रंग झकास. बाळाच्या टोपड्याला किंवा मफलरला उत्तम, पण आगीजवळ ते वितळतं. खरी लोकर सहजासहजी पेट घेत नाही. ओळखायचं कसं? लेबल वाचा. लेबल हरवलं असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून बघा, शेजारी पाणी ठेवून. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरगळली, तर लोकर. कडक मणी उरला, तर कृत्रिम धागा.

मग आपल्या धनगरांच्या मेंढ्यांची लोकर का नाही? कारण दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ. तिचं घोंगडं वर्षानुवर्षं टिकतं, पण स्वेटर गळ्याला टोचेल. म्हणून मैत्रिणीने मऊ लोकर घेतली, साडेपाचशे ग्रॅम, सगळी एकाच 'लॉट'ची. लेबलवरचा लॉट नंबर वेगळा असला की रंगाचं नाव तेच असूनही छटा बदलते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली फरक कळत नाही, उन्हात मात्र बाही आणि पाठ वेगळी दिसते.

दहा सेंटिमीटरचा हिशेब

वडिलांची छाती ९२ सेंटिमीटर, अंगात ढगळ बसावा म्हणून स्वेटर १०० चा. तिने छोटा नमुना विणून मोजला. १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आले. म्हणजे २२० टाके घालायचे. सोप्पं! एक सुलट एक उलट अशी पट्टी झाली, वर वीतभर अंग विणून झालं आणि मग तिने तो नमुना धुतला. वाळल्यावर त्यात २० च टाके भरले. लोकर पाण्यात सैलावली होती. म्हणजे २२० टाक्यांचा स्वेटर पहिल्या धुण्यानंतर ११० सेंटिमीटरचा झाला असता. वडिलांनी तो घातलाही असता, मुलीने केला म्हणून. म्हणूनच तिला ते नको होतं. दहा दिवसांचं काम एका संध्याकाळी उसवलं, गुंडा परत गुंडाळला आणि २०० टाके घातले.

पुढचा हिशेब तिने घेतला एलिझाबेथ झिमरमन या बाईंच्या पद्धतीने. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या, अमेरिकेत राहिलेल्या या विणकाम-गुरूंचं 'निटिंग विदाउट टिअर्स' हे पुस्तक १९७१ चं. त्यांचं म्हणणं असं की, छातीचे टाके एकदा ठरले की बाकीचं सगळं टक्केवारीत निघतं. मनगटाला २० टक्के, दंडाला सुमारे ३३ टक्के, काखेत ८ टक्के. म्हणजे २०० वर ४०, ६६ आणि १६. कॉमर्सच्या मुलीला आणखी काय हवं!

सगळं गोल सुईवर विणायचं. पाठ, पोट वेगळं करून शिवायची भानगड नाही. आजी दोन सरळ सुयांवर तुकडे विणून शिवायची; नात लांब केबलच्या एकाच सुईवर अंगही विणते आणि केबलचा फास बाजूला ओढून अरुंद बाहीसुद्धा. आजी लोकर उजव्या बोटावरून सोडायची, ही डाव्या. पण घट्ट टाका कसा ओळखायचा, हे आजीनेच शिकवलेलं.

कॉटखालचं दुकान

कॉटखाली दोन पिशव्या भरून लोकर आहे. तुळशीबागेत सहज चक्कर मारली की एक गुंडा येतोच. इंग्रजीत विणणाऱ्यांनी या रोगाला 'सेबल' असं नाव ठेवलंय: आयुष्यभरात विणून संपणार नाही एवढा साठा! आता तिने नियम केलाय. हातातलं पूर्ण झाल्याशिवाय नवी खरेदी नाही, आणि उरलेल्या लोकरीचे पट्टेपट्टे जोडून टोप्या.

'यातून कमावतेस किती?'

हा प्रश्न तिला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. मामी म्हणते, बाळंतविड्याचे सेट विक. रूममेट म्हणते, पेज काढ. तिने मोबाइलवर वेळ मांडून ठेवलीय. मोठ्या माणसाच्या एका स्वेटरला तिला साधारण ५५ तास लागतात. तासाला ६० रुपये धरले तरी ३३०० रुपये मजुरी, लोकर वेगळी. रस्त्यावरच्या स्टॉलशी तुलना करणारं गिऱ्हाईक ते देणार नाही, आणि कमी घेतले तर आपणच आपली मेहनत स्वस्त करतो. शिवाय ऑर्डर आली की तारीख येते, तारीख आली की चुकलेला टाका उसवायची हिंमत जाते.

इथे मी थोडी थांबले. आपल्या वयात जे काही करू ते सीव्हीवर किंवा रीलवर दिसायलाच हवं, असं आपण कधी ठरवलं? गाणं शिकलो की चॅनल, केक केला की बिझनेस. फक्त आवडतं म्हणून, हळू आणि नीट केलेली एक तरी गोष्ट तुमच्याकडे आहे का?

सुरुवात करायचीय?

- आपल्याकडच्या ८ नंबरच्या (४ मिलिमीटर) सुया घ्या. परदेशी व्हिडिओ बघताना नंबर नाही, मिलिमीटर बघा: अमेरिकेतली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते, आणि तिकडे नंबर वाढला की सुई जाड होते, इकडे बारीक!
- पहिला गुंडा फिक्या रंगाचा, गुळगुळीत. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत.
- आधी मफलर, मग टोपी, मग स्वेटर.
- जाळीची वीण करताना दर थोड्या ओळींनी टाक्यांतून वेगळ्या रंगाचा बारीक दोरा ओवून ठेवा. चुकलात तर तिथपर्यंतच उसवेल.
- घरात विणणारी आजी, मावशी, काकू असेल तर व्हिडिओआधी तिच्या शेजारी जाऊन बसा. चुकलेला टाका ती लांबूनच ओळखते.

आणि उसवायला घाबरू नका. परीक्षेतलं उत्तर एकदा लिहिलं की गेलं. लोकर तशीच हातात राहते, पुन्हा टाके घालायला.